वीस फेऱ्यांची मोजणी

जीपचा मागचा एक्सल तुटला त्याला अकरा दिवस झाले होते आणि नवऱ्याच्या पायाला प्लास्टर घातलं त्याला दहा. दोन्ही मोडतोडी एकाच जागी झाल्या होत्या. पावसाने डोंगरावरच्या वाडीच्या वाटेवरची मोरी, ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून नेली, तेव्हापासून जीप ओढ्याच्या पात्रातून काढावी लागत होती. तीन आठवडे ती निघाली. चौथ्या आठवड्यात वाडीचं दूध घेऊन उतरताना, ओढ्यातून अलीकडच्या काठावर चढता चढता एक्सलचा दांडा तुटला. बावीस कॅन भरलेली गाडी मागे घसरली. नवऱ्याने उडी मारली ती दगडांत. दूध ओढ्याला मिळालं. वाडीतली माणसं नंतर दोन दिवस म्हणत होती, की यंदा खालच्या गावातले मासे बाळसं धरणार.

आता जीप अंगणात चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, चाकं काढून भिंतीला टेकवलेली. नवरा पडवीतल्या खाटेवर होता. प्लास्टरच्या आत खाज सुटली की तो लोखंडी पट्टी घालून खाजवायचा. सासू ती पट्टी काढून घ्यायची. तो दुसरी शोधायचा.

सोमवारी संध्याकाळी दूध केंद्राचा सुपरवायझर आला. त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही.

"ट्रॅक्टरवाला दूध आणतो, पण साडेनऊला," तो म्हणाला. "माझा टँकर सव्वाआठला निघतो. रोज त्याला थोपवायचं आणि रोज वरून बोलणी खायची. ट्रॅक्टरवाला म्हणतो, लाइन कायमची द्या, मी दणकट गाडी आणतो. तुमची सात वर्षांची लाइन आहे म्हणून आलो. पुढच्या सोमवारी आठच्या सुमाराला तुमची गाडी वाडीचं दूध घेऊन दारात दिसली पाहिजे. नाही दिसली तर मग माझ्याकडे येऊ नका."

"दिसेल," नवरा खाटेवरून म्हणाला.

"चालवणार कोण?"

"मी," त्याची बायको, घरातली सून, म्हणाली.

सुपरवायझरने सासऱ्याकडे पाहिलं.

"चालवते ती," सासरा म्हणाला. "चार वर्षं झाली. वर जाताना तीच चालवायची, हा शेजारी बसून झोपायचा."

सासऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. मालवाहू ट्रकच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढून तो घरी बसला होता, म्हणजे घरी बसून लोकांचे गिअरबॉक्स बांधत होता. सुपरवायझर गेल्यावर त्याने जीपभोवती दोन चकरा मारल्या, वाकायला गेला, कमरेवर हात ठेवून तसाच थांबला.

"नुसता दांडा बदलून भागायचं नाही," तो म्हणाला. "ओढा आहे तोवर पुन्हा तुटेल. एखाद्या चारचाकी ओढीच्या छोट्या ट्रकचं खालचं सगळं अंग काढायचं. दोन्ही एक्सल आणि दोघांना ओढ वाटून देणारी मधली पेटी. चारही चाकं ओढायला लागली, की ही जीप भिंतीवर चढेल."

"आणि तो ट्रक?" सासूने विचारलं.

"त्याला काय, तो भंगारातच आहे. मेलेल्याचे डोळे जिवंताला लावतात ना, तसं."

*

भंगाराच्या आवाराच्या मालकाला सगळे चिमटा म्हणत. त्याच्या हातात गेलेली वस्तू सहजासहजी सुटत नसे. मंगळवारी सकाळी मिस्त्री आणि सून दुचाकीवरून आवारात पोचले, तेव्हा तो पत्र्याच्या सावलीत चहा घेत होता.

"या मिस्त्री. आज कोणाचं पोट फाडायचं?"

त्याच्याकडे चारचाकी ओढीचे दोनच छोटे ट्रक होते, एकाच कंपनीचे. एक केशरी, रस्ता बांधणाऱ्यांचा, मागच्या महिन्यापर्यंत खडी वाहत होता. त्याचा पुढचा पत्रा चेपलेला होता आणि चॅसीला डांबर लागलेलं होतं. दुसरा लाल, आगीच्या बंबाचा. पाण्याची टाकी काढून घेतलेली, पण रंग अजून चकचकीत. मीटरवर फक्त नऊ हजार किलोमीटर.

सुनेने दोन्हींचे फोटो नवऱ्याला पाठवले. लगेच फोन वाजला. तिने आवाज मोठा करून फोन सासऱ्यापुढे धरला.

"बाबा, लाल घ्या. नऊ हजार म्हणजे काहीच नाही. आतले गिअरचे दात नवे असतील."

"नऊ हजार चालली, पण उभी किती वर्षं होती?" मिस्त्री म्हणाला. "आत सगळं धरलेलं असणार."

"केशरी तर पार झिजलेली दिसते."

"झिजली म्हणजे चालत होती. उभी गाडी आणि निजलेला माणूस, दोघांचे सांधे धरतात."

चिमट्याची दोन माणसं पत्रा ओढत होती, ती हसली. सुनेने फोन पटकन कानाला लावला.

"केशरी घ्या मग," नवरा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मिस्त्रीची कंबर वाकत नव्हती, म्हणून केशरी ट्रकखाली सून शिरली. तो वरून सांगत होता, ती करत होती. मागच्या एक्सलच्या मधोमध गिअरचे दात असलेला फुगीर गोळा होता, त्याचं बूच सोडलं. तेल बोटांवर घेऊन चोळलं. कचकच लागते का ते पाहिलं, लागत नव्हती. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. सुतळीने एक्सलची रुंदी मापली, दोन गाठी मारल्या. जीपच्या रुंदीची सुतळी घरून आणली होती. दोन्हींत चार बोटांचा फरक निघाला.

"चार बोटं चालतील. आता मोजू."

मोजणी ही मिस्त्रीची खास गोष्ट होती. चाक एकदा फिरलं की त्याला फिरवणारा मधला दांडा किती वेळा फिरतो, त्यावर गाडीची ओढ ठरते. इतर लोक एक फेरी मोजून अंदाज बांधायचे. मिस्त्री एकच चाक उचलायचा, टायरवर आणि दांड्यावर खडूची रेघ मारायचा आणि वीस फेऱ्या मोजायचा. वीस फेऱ्यांत चूक लपत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याने मागचं डावं चाक जॅकवर उचललं आणि फिरवायला लागला. सून खाली पाठीवर पडून दांड्यावरची रेघ मोजत होती. मान भरून आली. मातीचा खडा खांद्याखाली रुतत होता. विसावी फेरी झाली तेव्हा ती म्हणाली, "एकोणपन्नास."

"बरोब्बर. जीपच्या इंजिनाला झेपेल. ये बाहेर."

तो हात पुसत चिमट्याकडे गेला. व्यवहार ठरत होता, की चिमट्याच्या क्रेनचा गिअरबॉक्स मिस्त्रीने उघडून बांधून द्यायचा आणि जीपचे जुने दोन्ही एक्सल आवारात टाकायचे. सून खालीच राहिली. ट्रकचं पुढचं उजवं चाक कोणीतरी आधीच काढून नेलं होतं आणि तो कोपरा दगडावर टेकवलेला होता. चाक जिथे बसतं तो हब अधांतरी होता. हाताशीच होता म्हणून तिने त्याच्यावर आणि पुढच्या दांड्यावर खडू ओढला आणि फिरवायला सुरुवात केली. वीस फेऱ्या. चोपन्न.

पत्र्याच्या खडखडाटात आपण मध्ये चुकलो, असं तिला वाटलं. तिने पुन्हा मोजलं, या वेळी ओठ हलवत. चोपन्नला रेघ जवळजवळ जागेवर आली होती.

ती बाहेर आली. केसांत गवत अडकलं होतं. मिस्त्री चहाचा कप धरून सांगत होता, की तीस वर्षांत त्याने बांधलेली एकही वस्तू कधी परत आली नाही.

"बाबा, पुढचा…"

चिमटा हसला. "सूनबाईपण मोजायला लागल्या का? मिस्त्री, आता तुम्ही चुलीपुढे बसा, त्या वर्कशॉपला जातील."

माणसं पुन्हा हसली. मिस्त्रीच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला.

"काय पुढचा?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

"पुढच्या हबला ग्रीस आहे," ती म्हणाली.

"असणारच. चालती गाडी आहे."

*

बुधवारी चिमट्याच्या गाडीतून सगळं खालचं अंग अंगणात येऊन पडलं. दोन एक्सल, मधली पेटी, दोन दांडे, एक गोणभर बोल्ट. कोंबड्या त्यावर चढून बसल्या. सासू म्हणाली, अंगण आता दवाखान्यासारखं दिसतंय, फक्त डॉक्टरला दिसत नाही आणि नर्सला वेळ नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार कामात गेले. नाक्यावरच्या वेल्डरने गाडी तोलणाऱ्या कमानपाट्यांच्या खालच्या बैठका चार बोटं बाहेर सरकवून दिल्या. बाकी दोघांनीच केलं. सून जीपखाली आणि मिस्त्री चाकापाशी स्टुलावर. एक्सल जॅकवर घेऊन वर ढकलायचा, भोकाला भोक मिळायचं नाही, पुन्हा खाली घ्यायचा. तिच्या डाव्या मनगटावर जॅकच्या दांड्याने निळा डाग पडला. तोंडात गंजाची चव राहायची. दुपारी जेवताना बोटं घासाभोवती नीट वळत नसत.

नवऱ्याला काही दिसत नव्हतं आणि सगळं दिसायला हवं होतं. शेवटी सासूने भिंतीवरचा आरसा काढून पडवीच्या खांबाला तिरका बांधला. त्यातून त्याला जीपचं पोट दिसायचं. मग तो सूचना द्यायला लागला.

"उजवीकडे घे. अगं, उजवीकडे."

"उजवीकडेच घेतेय."

"आरशातलं उजवं नाही, खरं उजवं."

"तुम्ही एकदा कुठलं ते ठरवा," ती खालून म्हणाली. सासू पदर तोंडाला लावून आत गेली.

बापलेकांचं मात्र बोलणं होत नव्हतं. मंगळवारपासून नवरा बापाशी सुनेमार्फत बोलत होता. बाबांना सांग, पेटीचे बोल्ट कसा. त्याला सांग, मला माहीत आहे. ती मधोमध होती, आडवी, तोंडावर तेल ठिबकत. एकोणपन्नास आणि चोपन्न हे आकडे तिच्या डोक्यातून जात नव्हते. गुरुवारी तिने बोलायचं ठरवलं, तेव्हा मिस्त्री पेटीचा गिअर हाताने फिरवून, डोळे मिटून, आतला आवाज ऐकत होता. शुक्रवारी पुन्हा ठरवलं, तेव्हा त्याने विचारलं, "दमलीस?" ती नाही म्हणाली. मग तिने स्वतःला समजावलं, की मिस्त्रींनी पाहिलं असणार. ज्या माणसाला आवाजावरून बेअरिंग ओळखता येतं, तो पुढचा एक्सल न मोजता कसा घेईल?

*

रविवारी सकाळी जीप ठोकळ्यांवरून उतरली. उंच झाली होती. सुनेला पायरीवर पाय ठेवायला साडी पिंडरीपर्यंत वर घ्यावी लागली, मग ती आत जाऊन नवऱ्याची जुनी विजार घालून आली. सासूने पाहिलं आणि साडी घडी घालून ठेवली.

मागच्या दोन चाकांवर गाडी लोण्यासारखी चालली. मिस्त्री शेजारी बसला होता, डोकं बाहेर काढून. डांबरी रस्त्यावर तिने गिअरशेजारची दुसरी दांडी ओढून चारही चाकं जोडली. शंभर पावलं बरं गेलं. मग स्टिअरिंग जड झालं. टायर रस्त्यावर चिरचिरायला लागले, जणू ब्रेक दाबून कोणी ढकलतंय. तिने गाडी थांबवली. दांडी परत निघेना. मागे घेतली, पुढे घेतली, तेव्हा कुठे ठक्कन सुटली.

मिस्त्री उतरला, थुंकी लावलेलं बोट पेटीला लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"नवीन आहे," तो म्हणाला. "बसेल."

सून स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती.

"बाबा, पुढचा चोपन्न आहे."

"काय?"

"वीस फेऱ्यांना चोपन्न. मागचा एकोणपन्नास."

"कधी मोजलास?"

"आवारात. मंगळवारी."

"आज रविवार आहे."

"हो."

एक सायकलवाला त्यांच्याकडे बघत गेला. मिस्त्री आत येऊन बसला. "घरी चल. हळू."

अंगणात त्याने पुढचं चाक स्वतः उचललं, स्वतः खडू मारला. कंबर धरून खाली बसला आणि स्वतः मोजलं. आरशातून नवरा पाहत होता. मोजून झालं तेव्हा मिस्त्रीने खडू खिशात टाकला. कोणीतरी पूर्वी केशरी ट्रकचा मागचा गोळा बदलला होता. पुढची चाकं एक अंतर जाऊ म्हणत होती, मागची दुसरं, आणि दोघांच्या ओढाताणीत मधली पेटी जळणार होती. ओढ्यात भरल्या गाडीने हे झालं असतं, तर पुन्हा मागे यावं लागलं असतं.

"तू पाच दिवस गप्प बसलीस?" नवरा तिला म्हणाला. "पाच दिवस? तिथे ओढ्यात गेल्यावर सांगणार होतीस?"

"मला वाटलं, मीच चुकले मोजायला."

"दोनदा?"

सासू दारातून म्हणाली, "चार परक्या माणसांत बापाची चूक काढणारी बायको तुला चालली असती का? आधी ते सांग."

"इथे सांगायचं होतं. घरात."

"घरात तरी कोण कोणाशी धड बोलत होतं?"

मिस्त्री नळाखाली हात धूत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"मी पुढचा मोजलाच नाही," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "तीस वर्षांत वेळच आली नाही. मालाच्या ट्रकला पुढे नुसता लोखंडी दांडा असतो, तो काही ओढत नाही. मागचा मोजला की काम झालं. हात सवयीने थांबला."



"लाल अजून तिथे आहे का?" नवऱ्याने विचारलं. उभी गाडी आणि निजलेला माणूस, हे बापाचं बोलणं त्याने परत काढलं नाही. फक्त एवढंच विचारलं, आणि सुनेमार्फत नाही, सरळ बापाला.

"बघतो," मिस्त्री म्हणाला.

*

लाल ट्रक होता. कापणारा सोमवारी येणार होता. केशरीचे तुकडे मात्र झाले होते आणि ढिगात पडले होते.

"काय मिस्त्री," चिमटा म्हणाला, "तीस वर्षांत काही परत आलं नाही म्हणत होतात."

"आलं. आज आलं."

चिमट्याला पुढे काहीतरी बोलायचं होतं, पण एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर ते घशातच राहिलं.

"लालचा मागचा गोळा पाहिजे, आमच्या पुढच्याच्या आकड्याशी जुळला तर," मिस्त्री म्हणाला. "बदल्यात आमचा मागचा तुझ्याकडे. तो चांगला आहे, फक्त जोडीचा नाही. मोजणार ही. मी चाक फिरवतो."

माणसं काम सोडून जवळ आली. सून लाल ट्रकखाली शिरली. तिथे ओल होती आणि कुत्र्याने पिल्लं घातल्याच्या खुणा होत्या. मिस्त्रीने चाक फिरवलं. सुरुवातीला ते जागचं हलेना. मग करकरत सुटलं. या वेळी तिने ओठ हलवत नाही, मोठ्याने मोजलं. आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"चोपन्न."

"पुन्हा," मिस्त्री म्हणाला.

पुन्हा चोपन्न.

गोळा बाहेर काढायला दोन तास लागले. बोल्ट गंजून एकजीव झालेले होते, दोन तर छन्नीने तोडावे लागले. आतलं तेल खिरीसारखं घट्ट झालेलं. तेलात बुडालेले दात काळे आणि स्वच्छ होते. वर राहिलेल्या सहा दातांवर तपकिरी डाग होते.

मिस्त्रीने चष्मा पुसला, घातला, काढला. "तूच बघ. मला डाग कुठला आणि खड्डा कुठला ते कळत नाही आता."

तिने चिंधीला रॉकेल लावून एकेक दात पुसला. मग नखाने वरून खाली ओढून पाहिलं. सहाच्या सहा. नख कुठे अडकलं नाही.

"डाग आहे. खड्डा नाही."

"नक्की?"

"पाचव्यावर पुन्हा बघते." पाहिलं. "नक्की."

"बेअरिंग मात्र गेलेली आहेत," मिस्त्री बेअरिंग कानाशी फिरवत म्हणाला. "ती आपली घालू. उभी गाडी बेअरिंग खातेच. त्याला सांग, दोघंही बरोबर होतो."

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

त्याने फोन घेतला, आवार ओलांडून पार कुंपणापर्यंत गेला आणि तिथून बोलला. काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा त्याने फोन तिच्या हातात देताना म्हटलं, "म्हणतो, दात घासायला कोलगेट घेऊन या." आणि पहिल्यांदा त्या आठवड्यात तो स्वतः हसला.

गोळा दुचाकीवर दोघांच्या मध्ये गोणीत बांधून आणला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो सुनेच्या पोटावर आदळत होता.

दुपारपासून बांधणी. इथे मात्र मिस्त्रीशिवाय कोणाचं काम नव्हतं. बेअरिंगखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालायच्या, दातांना लाल रंग फासायचा, फिरवायचा आणि रंग दाताच्या कुठल्या भागावर पुसला गेला ते पाहायचं. रंग टोकाला पुसला जात होता. त्याने एक चकती काढली. मग फार आत. अर्ध्या जाडीची घातली. पाचव्यांदा रंग दाताच्या बरोबर मधोमध पुसला गेला, तांदळाएवढा, प्रत्येक दातावर सारखा. सुनेने ते डोळे भरून पाहिलं. हे तिला येत नव्हतं, आणि मोजून येण्यासारखंही नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा गोळा जागेवर बसला होता आणि दांडा जोडायचा राहिला होता. मिस्त्रीचा उजवा अंगठा सुजून लाल झाला होता.

"मी कसते," ती म्हणाली.

"तू चाकं बघ. चार बोल्ट आहेत, त्याला काय लागतंय."

*

सोमवारी पहाटे फटफटल्यावर ते निघाले. जाताना ओढ्यात तिने चारही चाकं जोडली. जीप दगडांवरून एकेक पाऊल टाकत गेली, म्हशीसारखी, घाई न करता. मिस्त्रीने दरवाज्याची कडी घट्ट धरली होती, ती त्याने पलीकडच्या काठावर सोडली.

वाडीतली माणसं कॅन घेऊन उभीच होती. "मिस्त्री, आज माशांचा उपास का?" एका म्हातारीने विचारलं. बावीस कॅन चढले. दोरी आवळली. सात वाजायला पाच मिनिटं होती.

उतारावर, अर्ध्या वाटेत, सुनेला आवाज आला. टिक. मग काही नाही. मग दोनदा. खड्ड्यात नाही, सपाटीला, गाडीचा वेग सोडला की.

"बाबा, आवाज येतोय."

मिस्त्रीने कान दिला. "कॅनाची झाकणं आहेत."

पुन्हा आला.

"झाकणं नाहीत. खालून येतोय."

"नवे दात बसताना थोडं बोलतात. थांबू नकोस, वेळ नाही."

समोर वळण होतं आणि वळणानंतर ओढा. घड्याळात सात वीस. तिने गाडी वळणाच्या अलीकडे, सपाट जागी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"काय करतेस?"

"बघते."

"सांगितलं ना."

"बघते आणि येते, बाबा."

तिने चाकांना दगड लावले आणि खाली सरपटत गेली. मागच्या दांड्याच्या चार बोल्टांपैकी दोन कसलेले होते. तिसरा बोटांनी फिरत होता. चौथ्याचा नट शेवटच्या आट्यांवर आला होता. दांडा हाताने हलवला तर टिक वाजला. ओढ्यातून भरल्या गाडीने चढताना तो निखळला असता, आणि मागची चाकं सुटली असती. कुठे, ते तिला बघायची गरज नव्हती; नवरा पडला त्याच काठावर.

"पाना द्या. सतराचा," ती खालून म्हणाली.

बराच वेळ पाना आला नाही. मग मिस्त्रीचा हात खाली आला. अंगठा कालच्यापेक्षा सुजला होता. तिने पाना घेतला. चारही बोल्ट कसले, पाय चॅसीला टेकवून, खांदा दुखेपर्यंत. मग पुढच्या दांड्याचे चार पाहिले, पेटीचे सहा पाहिले. ती बाहेर आली तेव्हा मिस्त्री चाकाचा दगड काढत होता. साडेसात होऊन गेले होते.

ओढ्यात पाणी चाकाच्या हबपर्यंत होतं. अलीकडच्या काठाखाली तिने गाडी थांबवली, दांडी ओढली आणि पहिल्या गिअरमध्ये सोडली. बावीस कॅन एकदम मागे सरकून दोरीवर आले. पुढची चाकं दगडावर चढली, क्षणभर घसरली, आणि मागच्यांनी ढकललं. दोन्ही एकाच अंतराने जात होती. काठावर आल्यावर तिने दांडी परत ढकलली. या वेळी ती सहज सुटली.

दूध केंद्राच्या दारात ते पोचले तेव्हा आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. टँकर उभा होता, इंजिन चालू. ट्रॅक्टरवाला कट्ट्यावर बसला होता, आणि आणखी चार-पाच दूधवाले होते. सुपरवायझर घड्याळाकडे न बघता कॅनांपाशी आला. एक झाकण उघडलं, वास घेतला. दुसरं उघडलं. मग टँकरवाल्याला हाताने थांब म्हणाला.

"उशीर का झाला?" त्याने सुनेला विचारलं.

तिने तोंड उघडलं.

"माझ्यामुळे," मिस्त्री पलीकडून म्हणाला. तो अजून उतरत होता, एक पाय जमिनीवर आणि एक पायरीवर. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "काल दांड्याचे दोन बोल्ट मी ढिले ठेवले. मी म्हटलं, चल, काही नाही. हिने गाडी थांबवून पाहिलं, म्हणून दूध इथवर आलं."

ट्रॅक्टरवाल्याने विडी विझवली. सुपरवायझरने मिस्त्रीकडे पाहिलं, मग जीपच्या खाली वाकून पाहिलं, जणू बोल्ट तिथून दिसणार होते.

"उद्यापासून पावणेआठ," तो सुनेला म्हणाला. "आणि मला फोनवर गाडीचं विचारायचं असेल तर कोणाला करू?"

"मला," ती म्हणाली.

टँकरवाल्याने भोंगा वाजवला. मिस्त्री मागे गेला आणि पहिल्या कॅनच्या कानाला हात घातला. अंगठ्याने धरवत नव्हतं, म्हणून त्याने चार बोटांनीच धरला. सुनेने दुसरा कान धरला आणि दोघांनी कॅन उतरवला.